कोनशिलेच्या पोटातला कागद

हॅडली बॉटम, एल्डरटन, टेनेसी
९ मार्च १९५८

थॅड,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे तुझ्या टायपिस्टचं मिळालं. वर ‘प्रिय मिस प्रूइट’, खाली तुझी सही, आणि सहीखाली तिच्या नावाची दोन अक्षरं. आईला पुरून अकरा वर्षं झाली. त्यानंतर सख्ख्या भावाचं हे पहिलं पत्र आणि त्यात मी ‘मिस प्रूइट’! पोस्टमननं पाकिटावरची शिकागोची छापील पट्टी बघून विचारलं, “मिस लुवेनिया, वकीलबिकील मागे लागलाय का कोणी?” म्हटलं, “नाही रे बाबा, भाऊ आहे.” तर म्हणतो, “मग तर जास्तच जपा.”

तुझा सत्कार आहे हे वाचलं. खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगली. या राज्यात इमारत बांधायचा परवाना मिळवणारा आपल्या काळ्या लोकांतला पहिला माणूस, आणि आता शिकागोच्या मोठ्या हॉटेलात त्याच्या नावानं अडीचशे पानं बसणार. बाबा असते तर त्यांनी अख्ख्या बॉटम वस्तीला मासे तळून घातले असते.

आता तुझ्या कामाचं. विद्यापीठाला तुझे कागद जपून ठेवायचेत आणि त्यासाठी तुला माउंट निबो चर्चचे नकाशे हवेत. ‘माझे सुरुवातीचे नकाशे’ असं तुझ्या पत्रात तीनदा आहे. मी मोजलं.

नकाशे आहेत. माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत, चर्चच्या गायकवृंदाच्या जुन्या झग्यांत गुंडाळून. मंदीच्या त्या भुकेच्या वर्षांत शेजारणींनी किती गळ घातली मला! नकाशाचं ते निळसर लिनन उकळलं की खळ निघून जाते, शाईही जाते आणि खाली राणीनं नेसावं असं कापड निघतं. बॉटममधल्या निम्म्या बाळांची बाप्तिस्म्याची अंगडी कोणा ना कोणा साहेबाच्या टाकून दिलेल्या नकाशांची. पण मी माझ्या ट्रंकेला कोणाला हात लावू दिला नाही.

चौदा तावांपैकी तेरा आहेत. तिसरा ताव कुठे आहे ते तुला ठाऊक आहे आणि मला. जागेवरच आहे, सुखरूप.

देईन मी ते. पण टायपिस्टला नाही. तू मला तुझ्या हातानं लिही.

वीनी

३० मार्च १९५८

थॅड,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, इस्त्री केल्यासारखं. ‘प्रिय वीनी’ वाचून अंमळ बरं वाटलं.

निबो कसं काढलं गेलं यावर विद्यापीठाला टिपण द्यायचंय आणि तुला नीटसं आठवत नाही म्हणतोस. मग मी सांगते, तू उतरवून घे.

‘सन १९२६. थॅडियस प्रूइट हे नॅशव्हिलला एका गोऱ्या वास्तुविशारदाच्या कचेरीत कामाला होते. शनिवारी घरी येत. छताचं गणित, लोखंडाचा हिशेब आणि परवान्याचे अर्ज त्यांनी केले. बाकी सगळं, म्हणजे समोरची भिंत, घंटेचा मनोरा, खिडक्यांच्या कमानी आणि उजेड कुठून आत यायचा ते, त्यांच्या थोरल्या बहिणीनं आईच्या जेवणाच्या टेबलावर काढलं.’

घाबरू नकोस, चेष्टा करतेय. निदान अर्धी.

अलाबामाच्या त्या शाळेत मुलांना नकाशे शिकवायचे आणि मुलींना शिवण. तू सुट्टीत वह्या आणायचास आणि मी त्या उतरवून घ्यायचे. मला कधी फारसा फरक वाटला नाही. झगा काय आणि घर काय, आत कोण राहणार ते आधी बघायचं आणि मग कापायचं. तू पहिल्यांदा माझा कागद बघितलास तेव्हा म्हणालास, “वीनी, तुझ्या सावल्या उलट्या पडतात.” डावखुरी ना मी! शाळेत बाईंनी माझा डावा हात पाठीशी बांधून ठेवला होता, तो बाबांनी सोडवला. हातानं सावलीच्या तिरक्या रेघा मारल्या की माझ्या डावीकडून उतरतात आणि तुझ्या उजवीकडून. पुढची सहा वर्षं आणि सात इमारती सगळ्या सावल्या डावीकडूनच उतरल्या. कोणी विचारलं तर तू म्हणायचास, “ती माझी ढब आहे.” आपण दोघं किती हसायचो!

आणि रफू आठवतं? तिसऱ्या तावावर, समोरच्या दर्शनी भागात, मनोऱ्याशेजारी शाईचा ठिपका पडला. तो ब्लेडनं खरवडताना कापडाला भोक पडलं. तू डोक्याला हात लावलास. मी सुई घेतली आणि पांढऱ्या धाग्यानं रफू करून टाकलं. “नकाशाला रफू!” म्हणून तू खुर्चीवरून पडेपर्यंत हसलास. आकाशाच्या जागी होतं, म्हणून चाललं.

मग कोनशिलेवर कोणाचं नाव यायचं ते ठरायची वेळ आली. तू माझ्यासमोर गुडघ्यावर बसलास. म्हणालास, “वीनी, बाईनं काढलंय असं कळलं तर परवाना रद्द करायला त्यांना निमित्तच हवंय. बाहेर दगडावर माझं नाव जाऊ दे. आत, दगडाच्या पोटातल्या पेटीत, तुझं.” आणि माझ्यादेखत तू तिसऱ्या तावाच्या कोपऱ्यात शाईनं लिहिलंस, ‘रचना व रेखन: लुवेनिया प्रूइट.’ फुंकर मारून वाळवलंस. कोनशिला बसवणाऱ्या लॉजच्या, म्हणजे त्या बंधुसंघाच्या, मोठ्या साहेबांचा संधिवात उसळला म्हणून समारंभ आठवडाभर पुढे गेला, तर तो ताव तू तुझ्या कचेरीत नेऊन ठेवलास. घरी उंदीर लागतील म्हणालास. किती जपलंस!

बत्तीस वर्षं झाली. लोक चर्चपुढे उभे राहून तुझं नाव वाचतात, मान डोलावतात आणि मी शेजारी उभी असते. मनात म्हणते, वाचा वाचा, आतलं कुठे ठाऊक आहे तुम्हाला. त्या एका गोष्टीवर मी पुष्कळ काही गिळलंय, थॅड. तू १९३२ साली गेलास, ‘बस्तान बसलं की बोलावून घेतो’ म्हणालास, तेही त्यातच गिळलं.

विद्यापीठाच्या टिपणात काय लिहायचं ते तू ठरव. मी वाट बघते.

वीनी

२१ एप्रिल १९५८

थॅडियस,

काल शाळेच्या हॉलमध्ये शहरवाल्यांनी सभा घेतली. बॉटम पाडणार. रेल्वेच्या पुलापासून नदीपर्यंत सगळं. दोनशे बारा घरं आणि एक चर्च. माझं घर त्यात आहे, बाबांनी बांधलेलं. आणि चर्च कुठलं ते तुला सांगायला नको.

रेव्हरंड लाइल्स उठले. म्हणाले, “निबोची भिंत एका सुतानं कलली असेल तर दाखवा.” झीककाका उठला. झीक ब्रॉडनॅक्स, ज्यानं त्या भिंतीची वीट न् वीट लावली. अठ्ठ्याहत्तरीला टेकलाय, काठी घेऊन चालतो, पण जीभ अजून धडधाकट. म्हणाला, “साहेब, तुमची नगरपालिकेची इमारत माझ्या चर्चनंतरची. तिला तडे गेलेत आणि पाडताय आम्हाला? उलटा न्याय झाला हा.”

तो गोरा अधिकारी हसला. म्हणाला, “काका, हे आम्ही नाही म्हणत. तुमचाच माणूस म्हणतोय.”

“आमचा कोण? नाव तरी कळू दे, भाजलेलं हॅम पाठवतो त्याला.”

त्यानं अहवाल उघडला आणि वाचलं. ‘दुरुस्तीपलीकडे. पाडणे योग्य.’ खाली: थॅडियस प्रूइट, सल्लागार वास्तुविशारद.

झीककाका हळूच खाली बसला. ओफेलिया डॅन्सबी, जिला माझ्या झग्याच्या टाक्यातही खोट दिसते, तिनं अख्खी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? माझ्या हातात कोणाच्या तरी टोपीचा साचा होता, त्यात टाचण्या टोचत बसले.

तू एकदा तरी आलास का रे बघायला? अधिकाऱ्यानंच सांगितलं, फोटोंवरून तपासणी झाली. शिकागोत बसून. उंटावरून शेळ्या हाकल्यास. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पाहिलीत, पण मोजून त्यांची यादी करून शहराला देणारा तूच पहिला. त्याबद्दलही सत्कार करा म्हणावं त्यांना.

नव्या इमारतींचं काम तुला मिळालंय असंही कळलं.

तुझे नकाशे अजून पलंगाखालीच आहेत.

लुवेनिया

११ मे १९५८

थॅड,

आज मदर्स डे, आईचा दिवस. आई असलेल्यांनी लाल फूल लावलं, आपल्यासारख्या आई नसलेल्यांनी पांढरं. मी तुझ्या वाटचंही एक लावलं. सवय, दुसरं काय.

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. तू सही केली नसतीस तर कुठल्या तरी गोऱ्यानं केली असती, पाडायचं ते पाडलंच असतं, निदान आता लोकांच्या डोक्यावरचं नवं छप्पर तरी आपल्या माणसाच्या हातचं असेल, असं तू म्हणतोस. असेलही. माझ्याशी वादात तू कधीच हरला नाहीस. बोलण्यात जिंकायचास आणि मग माझ्या ताटातला मासा उचलायचास.

मी साठीची झाले. भांडायला दम नाही. नव्या फ्लॅटमध्ये शिवणयंत्राला खिडकीजवळ जागा मिळेल का, एवढं बघ.

एक गोष्ट मात्र आहे आणि त्यासाठीच लिहितेय. लॉजचा नियम असा की ज्या लॉजनं कोनशिला बसवली तिनंच ती इमारत पडण्याआधी उघडायची. १ जूनला, रविवारी, प्रार्थनेनंतर उघडणार. चर्चची अख्खी मंडळी तिथे असेल.

मी सगळ्यांना सांगून टाकलंय, थॅड. राहवलं नाही. बत्तीस वर्षं पोटात ठेवलं आणि परवा चर्चच्या तळघरात मासे तळता तळता तोंडातून निघून गेलं. ओफेलिया म्हणत होती, “प्रूइटांच्या घरानं या चर्चला काय दिलं? एक सही बांधायला, एक सही पाडायला.” माझ्या हातात झारा होता. मी म्हटलं, “हे चर्च मी काढलंय. मी. दगडाच्या पोटात लिहून ठेवलंय.” कोणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं, “एक जूनला बघा.”

त्यामुळे आता तुला यावंच लागेल. चर्च जाऊ दे, घर जाऊ दे. मला दुसरं काही नको. तू तिथे उभा राहा, तो ताव उलगड आणि तुझ्या तोंडानं माझं नाव वाच. एकदाच. तू वाचलंस की अहवालाचंही लोक विसरतील, मी विसरेन. नकाशेही त्याच दिवशी तुझ्या हातात देईन, दोरीनं बांधून.

नवी टोपी शिवतेय. जांभळी.

वीनी

२६ मे १९५८

थॅड,

तुझी तार आली. ‘कोनशिला उघडू नका. तशीच नव्या जागी हलवू. खर्च माझा. येणे अशक्य.’ लॉजलाही तू तशीच तार केलीस असं रेव्हरंड म्हणाले.

तू येणार नाहीस हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ बसले. मग पुन्हा तार वाचली आणि रागावता येईना. दगडाला छिन्नी लागू नये असं तुला वाटतं. आपलं पहिलं काम. शिकागोत इतकी वर्षं राहूनही तुझ्या आत कुठेतरी ते जपलेलं आहे म्हणायचं. तुला वाटतं तितकं वाईट मी तुला समजत नाही हो.

पण लॉजवाले ऐकत नाहीत. नियम तो नियम. झीककाका म्हणाला, “पोरी, बत्तीस वर्षांपूर्वी पेटीवर चुना मी लावला. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी काही मरत नाही. थॅडला म्हणावं, भीती वाटते तर डोळे मीट.” मी त्याला दटावलं. म्हटलं, भीती कसली त्यात.

तू नसलास तरी रेव्हरंड वाचतील. त्यांचा आवाज चांगला आहे. मी तुला सगळं कळवते.

वीनी

२ जून १९५८

तू बस कुठेतरी आणि मग हे वाच.

काल ऊन चांगलं पडलं होतं. लॉजचे पुरुष समारंभाचे पांढरे ॲप्रन लावून आले. आम्ही बायका पायऱ्यांवर. जांभळ्या टोपीला कोणी वाईट म्हणालं नाही, ओफेलियासुद्धा. झीककाकानं कोणाला छिन्नी दिली नाही. स्वतः बसला, तीन घाव घातले आणि चुना असा सुटला की जणू वाटच बघत होता. तांब्याची पेटी हिरवी पडली होती.

रेव्हरंड एकेक वस्तू काढून वर धरत होते. बायबल. वर्तमानपत्राचा भुगा. लॉजच्या सभासदांची यादी. मग एक लहान कागद. ‘गवंड्यांसाठी मासे तळणाऱ्या भगिनी’ असं म्हणून त्यांनी नावं वाचली. सतरावं माझं.

म्हणजे माझं नाव होतं, थॅड. मासे तळणाऱ्यांत.

ओफेलिया माझ्या कानाशी म्हणाली, “आहे की गं नाव! आणि खरंच, मासे तू छानच तळायचीस.” मागे दोघी हसल्या. मी म्हटलं, थांबा. गुंडाळी अजून आत आहे.

रेव्हरंडनी गुंडाळी उलगडली. लिनन जराही पिवळं पडलं नव्हतं. तिसरा ताव, समोरचा दर्शनी भाग. मनोरा बघून लोकांनी ‘आहा’ केलं. मग त्यांनी कोपरा वाचला. एकदा मनात वाचला, मग माझ्याकडे बघितलं, मग मोठ्यानं: ‘रचना व रेखन: थॅडियस प्रूइट.’

मी म्हटलं, “पुन्हा वाचा.” त्यांनी वाचलं.

“मागच्या बाजूला बघा.” मागे कोरं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांना माझी कीव आली. म्हातारपणी बाईच्या डोक्यात काहीतरी शिरलं, अशी कीव. रेव्हरंड म्हणाले, “सिस्टर प्रूइट, मूळ काम भावाचं, मदत बहिणीची, यात कमीपणा नाही.” कोणीतरी मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले, काय करणार.

झीककाका तेवढा उठून माझ्याशेजारी आला. “पोरी, त्या वर्षी शंका आली की मी नकाशा घेऊन तुझ्या घरी यायचो. तू टेबलावर शाईच्या हातानं मला कमान समजावून सांगायचीस. मी काय आंधळा होतो?” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी वीट हिला विचारून लावलीय.” पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, लोकांनी त्यालाही पाणी दिलं.

सगळे जेवायला गेल्यावर मी तो ताव हातात घेतला. आधी वाटलं, तू माझं नाव खरवडलंस आणि वर तुझं लिहिलंस. मग मी सावल्या बघितल्या. उजवीकडून उतरत होत्या. मनोऱ्याशेजारी आकाश बघितलं. रफू नव्हतं.

तो माझा ताव नाही. तू माझ्या तावावर आरपार दिसणारं नवं कापड अंथरलंस आणि माझी कमान न् कमान तुझ्या हातानं गिरवलीस. समारंभ पुढे गेला त्या आठवड्यात. नुसतं नाव पुसायला एक ब्लेड पुरलं असतं. पण खरवडलेली खूण राहिली असती, नाही का? दगडाच्या पोटात, जिथे कोणी बघणार नव्हतं, तिथेही तुला खूण नको होती.

माझा ताव कुठे आहे, थॅड?

१५ जून १९५८

थॅड,

तुझं उत्तर मिळालं. स्वतःच्या हातचं. पहिल्यांदाच तुझं अक्षर ओळीखाली उतरलंय.

तू लिहितोस, लॉजचे मोठे साहेब पेटी बंद करण्यापूर्वी प्रत्येक कागद उलगडून बघतात असं तुला कोणीतरी सांगितलं. बाईचं नाव दिसलं असतं तर बभ्रा झाला असता, परवाना गेला असता. तू चोवीस वर्षांचा होतास, घाबरलास. खरं असेल. मी झीककाकाला विचारलं. तो तिथे चुन्याचं घमेलं घेऊन उभा होता. म्हणाला, “त्यांचे गुडघे इतके दुखत होते की त्यांनी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. लवकर बंद करा म्हणाले.”

भीती मी समजू शकते. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नॅशव्हिलच्या त्या कचेरीत तू बँकेची इमारत काढली होतीस आणि पाटीवर तुझ्या साहेबाचं नाव लागलं. तू शनिवारी घरी आलास आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलास. म्हणालास, “वीनी, त्यांनी मला मारलं असतं तर इतकं लागलं नसतं.” त्यानंतर सहा महिन्यांनी तू माझा ताव गिरवायला बसलास. ज्याला कुठे लागतं ते ठाऊक नाही त्याला मी माफ केलं असतं. तुला ठाऊक होतं. अगदी इंच न् इंच ठाऊक होतं. आणि त्यानंतर बत्तीस वर्षं तू मला त्या दगडाशेजारी उभं राहून मनात हसू दिलंस.

‘तुझा ताव कुठे गेला, आठवत नाही’ असं लिहिलंयस. मला सापडला.

त्या वर्षी नाताळात आईनं मला चार हातरुमाल दिले होते, शिवून, कडेला बारीक घडी घालून. म्हणाली, “थॅडनं कचेरीतला खराब झालेला ताव दिला. उकळला तर बघ कसलं कापड निघालं!” तिला काय ठाऊक बिचारीला. तीन रुमाल वापरून फाटले. चौथा मी आईच्या अंत्यसंस्काराला नेला होता. तू जेवणाला न थांबता स्टेशनवर गेलास त्या दिवशी मी त्यातच डोळे पुसले. त्याच्या एका कोपऱ्याला रफू आहे. मला इतकी वर्षं वाटायचं आईनं केलंय. काल खिडकीशी धरून बघितलं. आई उजव्या हातानं शिवायची. हे टाके डावीकडून आलेत.

बुलडोझर गुरुवारी आला. मनोऱ्याला दोन दिवस लागले. दुरुस्तीपलीकडचा होता ना.

तुझे तेरा ताव मी परवा पोस्टात टाकले. तुझ्या पत्त्यावर नाही, सरळ विद्यापीठाला. काळजी करू नकोस, तुझ्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही. पेटीतला तिसरा तावही रेव्हरंडकडून मागून घेतला आणि वर ठेवला. म्हणजे संच चौदाचा पुरा झाला. सोबत एवढीच चिठ्ठी घातली: ‘कृपया तिसऱ्या तावावरच्या सावल्या बाकीच्या तेरांशी लावून बघाव्यात. थॅडियस प्रूइट उजव्या हातानं लिहितात.’ तिथे शिकणारी मुलं असतील. पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसेल. दोन वर्षांनी दिसो, वीस वर्षांनी दिसो. दगडापेक्षा कपाट लवकर उघडतं.

या पाकिटात रुमाल आहे. धुऊन, इस्त्री करून पाठवलाय. सत्काराला जाशील तेव्हा कोटाच्या वरच्या खिशात ठेव. रफू आतल्या बाजूला घे, कोणाला दिसणार नाही. आणि लोक टाळ्या वाजवायला लागले, डोळ्यांत पाणीबिणी आलं, तर खुशाल पूस. माझं नाव त्यातून धुऊन गेलंय, तुझ्या तोंडाला शाई लागणार नाही.

लुवेनिया प्रूइट